भिंतीची जाडी सांगणारं यंत्र, अकरा महिने वापरून

पोकळ लोखंडी पाइपची भिंत किती जाड आहे, हे पाइप न कापता एका बाजूनंच सांगणारं यंत्र मी गेल्या जूनमध्ये घेतलं. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज. साडेअकरा हजार रुपये पडले. मी कोल्हापुरात स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणून काम करते. शेड, पोटमाळे, जिने, टाकीचे स्टँड अशी छोटी लोखंडी कामं माझ्याकडे जास्त येतात. एवढे पैसे एका तळहाताएवढ्या यंत्रात घालावेत का, हे मला अजूनही फॅब्रिकेटर विचारतात. त्यांच्यासाठी आणि नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुलामुलींसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

यंत्र मोबाइलपेक्षा थोडं जाड. वायरच्या टोकाला दहा मिमी व्यासाचा गोल प्रोब. प्रोबमधून आवाजाचा बारीक ठोका लोखंडात जातो, पलीकडच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परत येतो. जायला-यायला लागलेल्या वेळावरून यंत्र जाडी काढतं. लोखंडात हा आवाज सेकंदाला साधारण ५९०० मीटर धावतो, म्हणजे चार मिमीच्या भिंतीतून जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षा जरासाच जास्त वेळ. एवढा वेळ हातातलं यंत्र मोजतं याचं मला अजून अप्रूप आहे. मधे हवेचा पापुद्रा राहिला तर आवाज आत शिरतच नाही, म्हणून प्रोबखाली जेल लावायचं. सोबत आलेली जेलची बाटली महिन्याभरात संपली. तेव्हापासून मी मेडिकलमधलं ग्लिसरीन वापरते. त्यानं काही अडत नाही.

आता या यंत्रानं स्वतःची किंमत ज्या कामात वसूल केली ते सांगते.

मार्चमध्ये इचलकरंजीच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. गच्चीवरच्या पाच हजार लिटरच्या टाकीचा स्टँड 'जरा कलल्यासारखा' वाटतोय म्हणाले. पंधरा दिवसांवर लग्न होतं, त्यामुळे घाईत होते. मी पोचले तेव्हा ज्यांनी स्टँड केला ते मिस्त्री आधीच वर उभे होते. गच्चीच्या दोन कठड्यांवर टेकवलेले २०० बाय १०० चे दोन पोकळ बीम, तीन मीटरचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर. प्रत्येक बीमच्या पाठीवर ५० बाय ५० चे दोन आखूड पाय, पायांवर अँगलची चौकट, चौकटीवर टाकी. स्टँड सफाईनं केला होता. वेल्डिंगही बरं होतं.

मिस्त्री म्हणाले, "मॅडम, बीम एकदम सरळ हाय. दोरी लावून बघितलीया. दोन सूतसुद्धा वाकला न्हाई."

त्यांचं खरं होतं. बीम वाकला नव्हता. मी आकडेमोड करून पाहिली, तर वाकण्याच्या हिशोबात तो चांगला निभावत होता. दुखणं दुसरीकडं होतं. मी गुडघ्यावर बसून टॉर्च बीमच्या पाठीला आडवी धरली. पायाच्या चारी बाजूंनी रंगाला केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या दिसल्या, वारुळाभोवती माती तडकते तशा. पट्टी उभी धरून फट मोजली. पाय बीमच्या पाठीत पाच मिमी रुतला होता. मग बाजूच्या भिंतीवरून तळवा फिरवला. पायाच्या बरोबर खाली भिंत बाहेर फुगलेली हाताला लागत होती. डोळ्याला ती दिसली नसती.

आणखी एक गोष्ट. चारपैकी दोनच पाय रुतले होते, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांतले. उरलेल्या दोघांखाली रंग अखंड होता. चार पायांचं टेबल डुगडुगतं तेव्हा सगळा भार दोन तिरक्या पायांवर जातो, इथं तेच झालं होतं. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन पाणी, स्टँड-टाकी धरून सुमारे ५० किलोन्यूटन. कागदावर एका पायाला साडेबारा किलोन्यूटन येतात. प्रत्यक्षात दोन पायांवर पंचवीस-पंचवीसच्या आसपास जात असणार.

"पाइप किती एमएमचा?" मी विचारलं.

"चारचा. बिलावर लिवलंय की."

बीमची टोकं प्लेट मारून बंद केलेली होती. व्हर्नियर लावायला कड उघडी नाही. यंत्र नसतं तर बीमला भोक पाडावं लागलं असतं, किंवा बिलावर विश्वास ठेवावा लागला असता. मी प्रोब टेकवला. ३.८ आलं. दुसऱ्या जागी ३.७, पुन्हा ३.८.

इथं मी जवळजवळ चुकले असते. आयएस ४९२३ या पोकळ पाइपांच्या भारतीय मानकाप्रमाणे भिंतीला दहा टक्के कमी-जास्त जाडीची मुभा आहे. म्हणजे चारच्या जागी ३.८ भरलं तर माल पास. पण बीमवर रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन-तीन हात होते. रंगात आवाज लोखंडापेक्षा निम्म्याहून कमी वेगानं जातो आणि साधं यंत्र त्या रंगालाही लोखंडच समजतं. म्हणून पाव मिमीचा रंग आकड्यात अर्ध्या मिमीपेक्षा जास्त भर घालतो. मी मिस्त्रींकडून ग्राइंडर न घेता पॉलिश पेपर घेतला, कारण ग्राइंडरनं लोखंडच खाल्लं जातं. रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत केली, ग्लिसरीनचा थेंब टाकला आणि प्रोब टेकवला. ३.२. चार ठिकाणी घासून मापलं: ३.२, ३.२, ३.३, ३.२.

मिस्त्रींनी यंत्र माझ्या हातातून घेतलं, यंत्रावरच बसवलेल्या चार मिमीच्या गोल चकतीवर प्रोब ठेवला. ४.० आलं. परत बीमवर ठेवला. ३.२. मग काही बोलले नाहीत. खाली जाऊन चहा सांगून आले.

हा फरक वजनावरही ओळखता येतो. २०० बाय १०० बाय ४ चा पाइप मीटरला साधारण १८ किलो भरतो, सहा मीटरची लांबी १०८ किलो. ३.२ चा असेल तर तीच लांबी ८७ किलोच्या आसपास. पाइप वजनावर विकला जात असल्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं की पैसे बरोबरच गेले. पैसे बरोबरच जातात. जाडी मात्र जाते, आणि मिस्त्रींनी 'एकवीस किलो कमी लागलं' म्हणून आनंदच मानला असेल. ज्या दुकानातून तो माल आला त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. हलका माल चारच्या नावानं विकणारं ते एकटं दुकान नाही.

आता ०.८ मिमीनं एवढं काय बिघडलं? याच ठिकाणी लोकांचा अंदाज चुकतो.

बीम वाकण्याच्या हिशोबात भिंत वीस टक्के पातळ झाली तर ताकद जवळपास तेवढीच, वीस टक्क्यांच्या आतबाहेर घटते. पण छोटा पाय बीमच्या पाठीच्या मधोमध टेकवला की तो पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर उभा राहिल्यासारखा असतो. झाकण चेपतं. त्या झाकणाची ताकद जाडीच्या वर्गावर चालते. पोकळ सेक्शनच्या जोडांसाठी युरोपातल्या संहितेत जे सूत्र आहे ते मी वापरते. बीमची पाठ १०० मिमी, पाय ५० मिमी, भिंत खरोखर चार मिमी आणि लोखंड ३१० मेगापास्कलचं (एवढ्या ताणानंतर ते कायमचं वाकू लागतं) धरलं, तर त्या पाठीला एका पायाखाली सुमारे ३८ किलोन्यूटन पेलतात. भिंत ३.२ झाली की २४. जाडी वीस टक्के गेली, ताकद छत्तीस टक्के गेली.

लोखंड ३१० चंच आहे याचाही पुरावा नव्हता. आयएस ४९२३ मध्ये वायएसटी २१०, २४०, ३१० अशा प्रती आहेत, आणि या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट कुणाकडेच नव्हतं. मी २४० धरून हिशोब केला. १९ किलोन्यूटन आले. बीम वाकत असताना त्याची पाठ आधीच दाबात असते, ते धरलं की अठराच्या खाली. समोर पायावर पंचवीस. ज्या दोन पायांखाली रंग तडकला होता, ते दोन पाय का रुतले याचं उत्तर तिथंच मिळालं.

बाजूच्या भिंतींचा हिशोब वेगळा, आणि तोही लोक टाळतात. लोखंडी बांधकामाच्या आपल्या आयएस ८०० : २००७ या संहितेत एकाच जागी पडणाऱ्या भारासाठी वेबची, म्हणजे बीमच्या उभ्या भिंतीची, तपासणी दिलेली आहे. फ्लँजमधून, म्हणजे वरच्या आडव्या पट्टीतून, भार १ : २.५ उतारानं पसरतो असं धरायचं आणि तेवढ्या लांबीच्या वेबवर तो विभागायचा. आय सेक्शनला, म्हणजे इंग्रजी I आकाराच्या बीमला, हे शोभतं, कारण त्याची वेब फ्लँजच्या बरोबर मधे, भाराच्या रेषेत असते. चौकोनी पाइपचे कोपरे गोल असतात. भार त्या गोलाईवरून उतरून भिंतीत शिरतो तेव्हा तो भिंतीच्या मध्यावर नसतो, आतल्या बाजूनं येतो. म्हणून भिंत दबण्याबरोबर बाहेर वाकते. माझ्या तळव्याला लागलेला फुगवटा तोच. ऑस्ट्रेलियाच्या एएस ४१०० या संहितेत यासाठी वेगळा गुणक आहे. कोपऱ्याची बाहेरची गोलाई जाडीच्या दुप्पट धरून मी तो २०० मिमी उंचीच्या या पाइपला काढला, तर ०.३२ आला. नुसत्या भिंतीच्या क्षेत्रफळावर काढलेली चिरडण्याची ताकद निव्वळ एक तृतीयांश उरते. त्याशिवाय ३.२ जाडीची २०० उंच भिंत म्हणजे उभा धरलेला पुठ्ठा. ती चिरडण्याआधी लपकते, त्याची तपासणी निराळी करावी लागते. पोकळ बीमवर आय सेक्शनचं सूत्र दोननं गुणून मोकळं होणारी डिझाइनं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका.

मालकांना मी तिथंच सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत टाकी अर्धी करा आणि काम होईपर्यंत अर्ध्याच्या वर भरू नका. लग्नाचं काय, असं त्यांनी विचारलं. टँकर मागवा म्हटलं. त्यांनी मागवला.

दुरुस्ती साधीच होती. टाकी उतरवली. दबलेल्या दोन जागा सोडून पाय दीडशे मिमी सरकवले. प्रत्येक पायाखाली दहा मिमी जाडीची, १०० बाय १५० ची प्लेट, बीमच्या पूर्ण रुंदीवर कडेपासून कडेपर्यंत बसेल अशी. आता भार पाठीच्या मधोमध न पडता दोन्ही बाजूच्या भिंतींवर उतरतो. तीच ३.२ ची भिंत, तेच लोखंड, पण मोजलेली ताकद १८ वरून ४० किलोन्यूटनच्या आसपास गेली. चारही पाय सारखे टेकावेत म्हणून मिस्त्रींनी पातळ पत्र्याच्या चकत्या घालून चौकट बसवली, पाण्याच्या पातळीनळीनं तपासली आणि मगच वेल्डिंग केलं. हे त्यांनी फार मन लावून केलं. दुरुस्तीला नवीन बीमच्या एक चतुर्थांशही खर्च आला नाही.

आता यंत्राबद्दल तक्रारी. त्या आहेत.

पहिली, पेटीतलं माहितीपत्रक. रंगाबद्दल त्यात एक ओळही नाही. माझ्यासारखी दहा-वीस ठिकाणी हात पोळलेली बाई रंग घासते. नवीन मुलगा ३.८ लिहून मोकळा होईल, आणि त्याच्या अहवालावर शिक्का असेल. रंगावरून खरी जाडी देणारी यंत्रं मिळतात, दोन प्रतिध्वनींमधला वेळ मोजणारी. त्यांची किंमत माझ्या यंत्राच्या कितीतरी पट आहे. तोवर पॉलिश पेपर.

दुसरी, पातळ पत्रा. यंत्राची खालची मर्यादा १.२ मिमी. त्याच्याखाली ते 'माप येत नाही' असं सांगत नाही, चक्क दुप्पट आकडा दाखवतं. एका गेटच्या एक मिमीच्या पाइपवर मला २.० आलं होतं. हातानं उचललं तेव्हा शंका आली म्हणून बरं. पातळ माल असेल तर आधी वजन करा, मग यंत्र लावा.

तिसरी, प्रोबची वायर. मानेपाशी आठव्या महिन्यात चिरली. जिथून घेतलं त्या दुकानानं वॉरंटीत प्रोब येत नाही म्हणून सांगितलं, जे विकताना सांगितलं नव्हतं. नवीन प्रोबला अडीच हजार गेले. आता मानेला हीट श्रिंक नळी चढवून ठेवली आहे. तुम्ही पहिल्या दिवशीच चढवा.

गच्चीवर दुपारी स्क्रीन नीट दिसत नाही, हे सोडा, ओढणीची सावली पुरते. कोपऱ्याच्या गोलाईवर माप घेऊ नका, प्रोब पूर्ण टेकत नाही. पाइपच्या एका बाजूला आतून वेल्डची उभी शिवण असते, तिच्यावर प्रोब आला की आकडा नाचतो. शेजारी दोन सेंटिमीटर सरका. जुन्या पाइपला आतून गंज असेल तरी आकडा स्थिर राहत नाही, आणि ती खूण उपयोगाचीच आहे. अशा वेळी मी दहा मापं घेते आणि सगळ्यात लहान आकडा धरते.

हे यंत्र लोखंडाची प्रत सांगत नाही. कोपऱ्याची गोलाई सांगत नाही. पाय भिंतीच्या रेषेत आहे की पाठीच्या मधे, हे तर अजिबात नाही. ते तुमचं तुम्हालाच गुडघ्यावर बसून बघायचं आहे. नवीन माल घेताना सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (लोखंड वितळवलेल्या खेपेचा क्रमांक) पाइपवरच्या शिक्क्याशी जुळवा. मोठ्या कंपन्यांचा शिक्का मारलेला माल किलोमागे थोडा महाग पडतो, पण निदान पाइपवर छापलेली जाडी आणि प्रोबचा आकडा आपापसात भांडत नाहीत. माझ्याकडे आलेल्या अशा मालावर मला आजवर मुभेच्या खाली माप मिळालेलं नाही.

घ्यावं का? ज्यांच्या कामात पोकळ पाइपवर एकाच जागी भार येतो, त्यांनी घ्यावंच. टाकीचे पाय, पोटमाळ्याचे खांब, चेन पुली टांगायचा आकडा, वॉशिंग मशिनचा स्टँड, सोलरचे खांब. फक्त खिडकीचे ग्रिल करणाऱ्यांना गरज नाही, त्यांना व्हर्नियर पुरे. तीन-चार फॅब्रिकेटर मिळून एक घेतलं तरी चालेल. आमच्याकडे आता असंच होतं. मिस्त्री माझ्याकडून महिन्यातून दोनदा यंत्र घेऊन जातात आणि माल उतरवून घेण्याआधी टेम्पोतच मापतात. मागच्या आठवड्यात त्यांनी एक गाडी परत पाठवली.

त्या गच्चीवर मी परवा पुन्हा जाऊन आले. टाकी काठोकाठ भरलेली होती. चारही प्लेटांच्या कडेनं टॉर्च आडवी फिरवली, रंगाला भेग नाही. पट्टी लावली, प्लेटखाली कागद सरकेल एवढीही फट नाही. चारही पायांखालच्या बाजूच्या भिंतींवरून हात फिरवला. सपाट लागल्या.